पाचातले चार

आप्पांना मी जर्मनीतली मार्कांची पद्धत पहिल्यांदा समजावली ती मागांच्या खडखडाटात. इचलकरंजीत आमचा आठ मागांचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड. आप्पा खर्चीवाले, सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी मीटरवर. शेडमध्ये काही सांगायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. तसं ओरडून मी सांगितलं, "तिथं एक म्हणजे सगळ्यात भारी. चार म्हणजे काठावर पास. पाच म्हणजे नापास."

"आणि तुझे किती?"

"एक पूर्णांक नऊ."

आप्पांनी तुटलेला धागा जोडला, माग सुरू केला आणि मग म्हणाले, "पैल्यापास्नंच उलटं हाय म्हणायचं त्यांचं."

हा १.९ बव्हेरियन सूत्रातून येतो, म्हणजे परदेशातले गुण जर्मन मार्कांत बदलायच्या सूत्रातून. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, जास्तीत जास्त आणि पासापुरते यांच्यातल्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए ८.२, कमाल १०, पासाला ४. म्हणजे १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. जर्मनीला जाऊ बघणारं कुठलंही पोर हे गणित झोपेत करून दाखवेल. त्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही. दुसऱ्या वर्षाला माझी दोन विषयांत एटीकेटी लागली होती. आपल्याकडे राहिलेला विषय पुढच्या वर्षी निघतो, नाहीतर त्याच्या पुढच्या. ‘निघतो’ हाच शब्द, दातासारखा. कधी ना कधी निघणारच. ही सवय मी सोबत घेऊन चाललोय हे तेव्हा ना मला कळलं ना सूत्राला.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे जर्मन दूतावासाच्या पदवी-तपासणी केंद्राचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दहावीपासूनची कागदपत्रं आणि अठरा हजार रुपये भरून आपली पदवी खरी असल्याचं तपासून घ्यायचं. विद्यापीठाला शिकवणी फी नव्हती, फक्त दर सेमिस्टरला अडीचशे-तीनशे युरोंची वर्गणी. पण जायच्या आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाची रक्कम टाकावी लागते. २०२३ साली ती ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाखांच्या घरात. पैसे आपलेच, पण तिथं पोचल्यावर महिन्याला ९३४ युरो एवढेच हातात सुटायचे.

कर्जासाठी आम्ही एका बँकेत गेलो. साहेबांनी फीचं पत्र मागितलं. फी नाही, असं सांगितलं. मग कर्ज कशाला, म्हणाले. ब्लॉक्ड अकाउंटचं समजावलं, तर "खात्यात ठेवायला कर्ज? मग आमच्याकडेच एफडी करा की." आप्पा हसले, मला रडू यायचं बाकी होतं. चौथ्या खेपेला दुसऱ्या बँकेत घर तारण ठेवून काम झालं. वरच्या खर्चासाठी चार माग विकले. जुने साधे माग आता माग म्हणून कोणी घेत नाही. ते भंगारात, किलोवर गेले. टेम्पो भरताना मी मदतीला उभा होतो. आप्पा म्हणाले, "तसंबी बंदच असायचं त्ये." ते खोटं होतं. चारही माग आदल्या आठवड्यापर्यंत चालू होते.

शहराचं नाव मी निम्मं वर्ष चेमनित्झ असं वाचत होतो. ते केमनिट्स आहे. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५३ ते १९९० पर्यंत, ते कार्ल-मार्क्स-स्टाड होतं, आणि मार्क्सचं सात मीटर उंचीचं नुसतं डोकं अजून भर शहरात बसलंय. धड नाही, हात नाहीत, फक्त डोकं आणि दाढी. मागच्या भिंतीवर ‘जगातल्या कामगारांनो, एक व्हा’ चार भाषांत. मी पहिल्याच आठवड्यात फोटो पाठवला. आप्पांचं उत्तर आलं, "ह्यो मोर्च्यात असायचा आपल्याकडं. पगारवाढीच्या टायमाला." मार्क्सबद्दल मालक आणि मजूर या दोघांच्या मध्ये चेंगरलेल्या खर्चीवाल्याचं मत काय असावं, हे त्यात सगळं आलं.

दुसरी गंमत ग्रंथालयाची. केमनिट्सला एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, जसं इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. विद्यापीठाचं ग्रंथालय २०२० पासून एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या सूतगिरणीत आहे. उंच खिडक्या, ओळीनं खांब. माझ्या डोळ्यांना ती जागा बघताक्षणी कळली. इथं रांगेनं यंत्रं असणार, इथून माणूस ये-जा करणार. फक्त आवाज नाही. एवढ्या मोठ्या गिरणीत इतकी शांतता मला पहिले काही दिवस सहन होत नव्हती.

कोर्स एम्बेडेड सिस्टिम्सचा, म्हणजे यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या संगणकांचा, इंग्रजीतून. हॉस्टेलमध्ये तिघांत एक फ्लॅट, माझी खोली २६५ युरो. आरोग्यविमा महिन्याला एकशेवीसच्या आसपास. मग एके दिवशी टपालानं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, महिना १८.३६ युरो. आमच्याकडे टीव्ही नाही म्हणून आम्ही ते फसवणूक समजून कचऱ्यात टाकलं (कागदाच्या डब्यात, एवढं शिकलो होतो). दुसरं पत्र आलं तेव्हा कळलं की टीव्ही असो-नसो, घरटी भरायचंच. तिघांत ६.१२ पडले.

९३४ मध्ये माझं भागत होतं. पण घरी व्याज सुरू झालेलं. नोव्हेंबरपासून मी पार्सलच्या गोदामात शुक्रवार-शनिवारची रात्रपाळी धरली. जानेवारी २०२४ पासून किमान वेतन ताशी १२.४१ युरो झालं. पट्ट्यावरून खोकी येतात, पिनकोड बघून पिंजऱ्यात टाकायची. आवाज मागांच्या शेडसारखाच. खरं सांगायचं तर मला तिथं बरं वाटायचं. ग्रंथालयापेक्षा जास्त.

आता मुद्द्याचं.

तिथं हजेरी नाही. टर्मवर्क नाही, सबमिशन नाही, इंटर्नलचे कनवाळू वीस मार्क नाहीत. सेमिस्टरभर कोणी विचारत नाही आणि शेवटी नव्वद मिनिटांचा एक पेपर, त्यावर सगळा निकाल. जो विषय मला नडला त्याचं नाव सांगत नाही, शिकवणारे तिथंच आहेत आणि चांगले आहेत. फेब्रुवारी २०२४ चा पेपर. बाकावर विद्यार्थी-ओळखपत्र, हातानं लिहिलेला सूत्रांचा एक ए-फोर कागद न्यायला परवानगी, लाल पेन चालत नाही कारण तो तपासणाऱ्याचा. प्रश्न सहा, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरापुरती मोकळी जागा. मी अर्ध्या तासात जादा कागद मागितला. मग परत मागितला. पर्यवेक्षकानं दुसऱ्या वेळी माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं. मला वाटलं, आपण जोरात चाललोय.

आपल्याकडे पुरवणी लावली की वर्गात मान वाढतो. बाजूचा पोरगा दोऱ्याला हात घालताना बघितला की पोटात गोळा येतो. मी त्या हॉलमधला एकटाच पुरवणीवाला होतो आणि त्याचा अर्थ मला उलटा लागला.

महिन्याभरानं पोर्टलवर निकाल: 5,0. जर्मनीत दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम असतो. त्या स्वल्पविरामाकडे मी बराच वेळ बघत बसलो, जणू पुढं अजून काहीतरी यायचंय. मग मनात पहिला विचार आला तो हाच, की निघेल पुढच्या वेळी. उत्तरपत्रिका दाखवतात, त्यासाठी तारीख लागते, अशी मेल आली होती. मी गेलो नाही. आपल्याकडे फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशन म्हणजे पैसे भरून भांडायला जाणं. नवीन देशात सरांशी कशाला भांडा. घरी फोनवर सांगितलं, निकाल अजून लागायचाय. आई म्हणाली, तिकडं पण उशीर करतात काय गं बाई.

दुसरा पेपर ऑगस्टमध्ये. यावेळी अभ्यास केला, नाही असं नाही. सगळ्या स्लाइड तोंडपाठ केल्या. एकशेऐंशी स्लाइड. परत दोनदा जादा कागद. परत 5,0.

तेव्हा मी पहिल्यांदा परीक्षेचे नियम उघडले. चाळीस पानांचं जर्मन आणि माझं जर्मन ए-टू, म्हणजे ब्रेड आणि तिकीट मागण्यापुरतं. भाषांतराच्या ॲपमध्ये एकेक परिच्छेद टाकत गेलो. एका परीक्षेला तीनच प्रयत्न. पहिली फेरपरीक्षा वर्षाच्या आत. दुसरी, म्हणजे तिसरा प्रयत्न, आपोआप मिळत नाही. अर्ज करायचा आणि लगेचची पुढची तारीख पकडायची, लांबवायची नाही. त्यात नापास झालं तर ‘एन्डग्युल्टिश निश्ट बेश्टांडन’: कायमचं नापास. विषय नव्हे, कोर्सच गेला. बाकी सगळ्या विषयांत एक असला तरी. विद्यापीठातून नाव कमी, आणि तोच कोर्स दुसऱ्या विद्यापीठात धरायचा म्हटलं तरी दार जवळपास बंद. विद्यार्थी म्हणून मिळालेला राहण्याचा परवाना प्रवेशावरच टेकलेला.

तिथं राहिलेला विषय निघत नाही. तो माणसाला काढतो.

भारतीय पोरांच्या ग्रुपवर मी नाव न घेता विचारलं, ‘एका मित्राचं’ म्हणून. असे मित्र बरेच जणांना होते. २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत जवळपास ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त. त्यांतले किती तिसऱ्या प्रयत्नावर उभे असतात ते कोणी स्टेटसला टाकत नाही. सल्ले आले. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घे आणि पेपर चुकव. आत्ताच कोर्स बदल. गणपतीला नारळ बोल. एकानं फक्त लिहिलं, "उत्तरपत्रिका बघितलीस का?"

बघितली नव्हती. नाव नोंदवलं आणि गेलो.

एका खोलीत वीसेक जण, प्रत्येकापुढं त्याची उत्तरपत्रिका, फोटो काढायचा नाही, अर्धा तास. फी नाही, भांडण नाही. दोन सहायक फिरत होते, हात वर केला की येऊन बसायचे. माझी उत्तरपत्रिका वर्गात सगळ्यात जाड. आत पानंच्या पानं कोरी, म्हणजे माझ्या अक्षरानं भरलेली पण लाल शाईची एक रेघ नाही. बरोबर नाही, चूक नाही. तपासणारा नुसता पुढं गेलेला.

सहायक शेजारी बसला. दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. एक यंत्रणा दिली होती, ती अस्थिर का होते ते विचारलं होतं, आठ गुण. मी स्थिरतेची व्याख्या लिहिली होती. मग प्रकार. मग नीट पट्टीनं काढलेली आकृती. मग फायदे. मग तोटे.

"हे सगळं बरोबर आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण हे कोणासाठी लिहिलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. फायदे-तोटे कोणासाठी लिहायचे असतात? सोळा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मध्ये एक समीकरण. "एवढं लिहिलं असतंस तर आठ." दोन ओळी. माझी साडेतीन पानं होती.

परीक्षा कार्यालयाच्या खिडकीशी अर्ज न्यायच्या आदल्या रात्री मी जर्मन वाक्यं पाठ केली. तिथल्या बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली, फॉर्म बघितला, एक खूण राहिली होती तिथं पेन्सिलनं फुली मारून परत दिला आणि विचारलं, विद्यार्थ्यांच्या समितीकडे जाऊन आलास का? फाखशाफ्ट म्हणतात तिला, प्रत्येक विभागातल्या मुलांनी निवडून दिलेली. मला वाटायचं ते लोक बिअरच्या पार्ट्या आणि पोस्टरं करतात. गेलो तर त्यांच्याकडे मागच्या परीक्षांचे प्रश्न फायलीत लावलेले. सहा पेपर. फुकट. वर्षभर मी त्या दारावरून मेसला जात होतो.

रात्रपाळी सोडली. डिसेंबरमध्ये फ्लॅटमधल्या पार्टनरनं हप्ता कसा भरणार विचारलं, तर शिल्लक खाऊ म्हटलं. आमच्या बॅचमधली कोट्टयमची एक मुलगी त्या विषयात १.३ घेऊन बसली होती. तिला विचारायला लाज वाटायची, कारण ती वयानं लहान आणि मी वर्गात पुढं बसून मान डोलवणारा. तरी विचारलं. तिची पद्धत छळाची होती. मी बोलायचं आणि तिनं दर वाक्याला "का?" विचारायचं. तिसऱ्या ‘का’ला माझं पाठांतर संपायचं. मग दोघं मिळून पहिल्यापासून. ग्रंथालयात बोलता येत नाही म्हणून आम्ही गटासाठीची खोली घ्यायचो, काचेची, खांबांच्या रांगेत. १८ जानेवारी २०२५ ला केमनिट्सच्या युरोपीय सांस्कृतिक राजधानीच्या वर्षाचं उद्घाटन झालं. शहर माणसांनी फुललं होतं म्हणे. मी त्या विषयातल्या समीकरणांची मुळं आणि ध्रुव मांडत बसलो होतो.

त्याआधी एक काम राहिलं होतं. नाताळच्या सुट्टीत आप्पांना फोन केला. आईला फोन शेडमध्ये न्यायला सांगितलं. पाठीमागं माग चालू होते. चारच, त्यामुळे आता ओरडावं लागत नाही, फोनवरसुद्धा नीट ऐकू येतं. सांगितलं. दोनदा नापास झालोय, मार्चपासून खोटं बोलतोय, आता शेवटचा प्रयत्न.

बराच वेळ नुसता माग ऐकू आला.

"तिसऱ्यांदाबी तुटला तर?"

"परत यावं लागंल."

"मग ये की. चार माग हायत अजून." मग थोड्या वेळानं, "जेवतोस न्हवं?"

तेवढंच. कर्जाचं एक अक्षर नाही. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि खरंच जेवलो नव्हतो म्हणून भात टाकला.

फेब्रुवारीच्या शेवटी पेपर. तोच हॉल, बहुतेक तोच पर्यवेक्षक. प्रश्न सहा. पहिली पंधरा मिनिटं मी पेन खाली ठेवून नुसते वाचले. चौथ्यात अडकलो, सोडून दिला. जादा कागद मागितला नाही. वीस मिनिटं उरली तेव्हा हात इतका मोकळा वाटायला लागला की भीती वाटली. काहीतरी लिहावं, निदान एखादी आकृती. दोन्ही तळवे मांडीखाली घालून बसलो, लहान पोरं बसतात तसा.

निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, ट्राममध्ये असताना. 4,0.

चार म्हणजे काठ. त्याच्याखाली 5,0, मध्ये काही नाही. चौथा प्रश्न पाण्यात गेला होता, बाकीच्यांनी ओढून नेलं. कोट्टयमच्या मुलीला कळवलं, तिचं उत्तर, "का?" आणि पुढं हसरा चेहरा. मी दोन स्टॉप आधी उतरून चालत गेलो. मार्क्सच्या डोक्यावर कबुतर बसलं होतं.

घरी फोन लावला. आप्पांनीच उचलला.

"किती?"

"चार."

"बरं," म्हणाले. मग आईला हाक मारून सांगितलं, "पास झाला." मग फोन तसाच चालू ठेवून बाहेर गेले. शेजारच्या कारखान्यातले काका कट्ट्यावर असणार, कारण त्यांचा आवाज आला आणि मग आप्पांचा, मुद्दाम मोठा: "पाचातले चार पडले पोराला. ऐंशी टक्के."

ते परत आल्यावर मी म्हणालो, "आप्पा, ते उलटं असतं. सांगितलं होतं की तुम्हाला."

"मला ठाऊक हाय रं," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "त्येला कुठं ठाऊक हाय?"